वॉफलचं वजन

मार्लिस हापालाच्या मुलाचा फोन दर रविवारी संध्याकाळी पाचला यायचा, आणि त्यातला पहिला प्रश्न कधीही आईबद्दल नसायचा.

"खाल्लं का त्याने?"

"खाल्लं."

"वजन?"

"चौदाशे नव्वद."

"बाहेर आला होता?"

"काल आला होता. अर्धा तास हिंडला, पाणी प्यायला, परत आत."

"बरं." मग थंडी किती आहे यावर दोन वाक्यं, तिच्या गाडीच्या बॅटरीवर एक, आणि "चल मॉम, पुढच्या रविवारी बोलू." आठ मिनिटांत सगळा कारभार आटोपायचा. मार्लिस फोन खाली ठेवायची आणि पुढच्या रविवारची वाट बघायला लागायची. यात लपवण्यासारखं काही नाही. तिचं सगळं लक्ष त्या फोनवर असायचं, आणि फोन यायचा तो वॉफलसाठी.

वॉफल म्हणजे ट्रेंटने पाळलेला अजगर. बॉल पायथन जातीचा, चार फूट लांब, मनगटाएवढा जाड, काळपट अंगावर मधाच्या रंगाचे डाग. घाबरला की डोकं मधोमध खुपसून अंगाचा घट्ट चेंडू करतो, म्हणून बॉल. शाळेत असताना ट्रेंटने तो आणला तेव्हा त्याच्या बापाने, आर्विडने, आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं. आता आर्विडला जाऊन चार वर्षं झाली होती, आणि ट्रेंट दीड वर्षापूर्वी नॉर्थ डकोटात तेलविहिरींवर कामाला गेला होता. तिथल्या कामगारांच्या खोल्यांमध्ये मांजरसुद्धा चालत नाही, मग अजगर कुठला. तेव्हा काचेची ती लांबलचक पेटी डुलूथ शहरातल्या टेकडीवर, आईच्या घरी पुढच्या खोलीत आली आणि जिथे आर्विडची खुर्ची असायची तिथे बसली.

मार्लिसला आधी तो अजिबात आवडला नाही. आवडायला तो दिसायला तर हवा ना! पेटीत काळ्या प्लॅस्टिकची दोन खोपटी होती, एक उबेच्या बाजूला, एक गार बाजूला. हा गृहस्थ सकाळपासून कुठल्या तरी एका खोपटात अंग कोंबून पडायचा. अख्खा दिवस नाकसुद्धा बाहेर नाही. मार्लिसने तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना वाढलं होतं. कोपऱ्यात तोंड लपवून बसलेलं मूल एक तर आजारी असतं, नाही तर त्याला घरची आठवण येत असते, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. तिने निदान करून टाकलं की बिचारा ट्रेंटसाठी झुरतोय.

म्हणून एका सकाळी तिने दोन्ही खोपटी उचलून धुऊन फडताळात ठेवून दिली. "बस जरा उजेडात," ती त्याला म्हणाली. "माणसांत ये."

वॉफल माणसांत आला नाही. त्याने स्वतःचा चेंडू केला आणि पाण्याच्या भांड्यामागे तसाच बसून राहिला, एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. अंधार पडला की काचेवर नाक घासत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचा. ती मनाशी म्हणाली, चला, निदान फिरतोय तरी. मग तिने फ्रीजरमधला उंदीर ट्रेंटने शिकवल्याप्रमाणे गरम पाण्यात सोडून, पुसून, लांब चिमट्यात धरून पुढे केला, तर त्याने तोंड फिरवलं. त्या रविवारी तिने हे सगळं कौतुकाने सांगितलं आणि पलीकडे ट्रेंटला आधी हसू आलं, मग राग.

"मॉम, तू त्याचं घर उचलून नेलंस."

"घर कसलं? डबा आहे तो."

"त्याच्यासाठी घरच. तो दिवसभर लपतो म्हणजे मजेत आहे. चारी बाजूंनी अंगाला काही तरी टेकलेलं असलं की त्याला सुरक्षित वाटतं. उघड्यावर दिसायला लागला, काचेवर नाक घासायला लागला, की समजायचं काही तरी बिघडलंय. तू उलटं वाचतेयस त्याला."

"मग मला दिसणार कधी तो?"

"अंधार पडताना बघ. डोकं तेवढं बाहेर काढून बसेल, शिकारीची वाट बघत. तेवढंच दिसणार. तो काही कुत्रा नाही."

"ते कळलं रे मला. कुत्रा असता तर दारात तरी आला असता."

खोपटी परत गेली. पण वॉफल रुसल्यासारखा आणखी तीन आठवडे खाईना, आणि त्या तीन आठवड्यांत ट्रेंटचा फोन रोज आला. रोज पाचला. शेवटी एका संध्याकाळी वॉफलने उंदीर गिळला, मार्लिसचा जीव भांड्यात पडला, तिने आनंदाने ही बातमी सांगितली आणि दुसऱ्या दिवसापासून रोजचा फोन बंद झाला. ही गोष्ट तिच्या लक्षात राहिली. मुद्दाम ठेवली नव्हती, पण राहिली.

त्यानंतर ती शिकली. शिकायला दुसरं काम तरी काय होतं? डुलूथला हिवाळ्यात साडेचारला अंधार पडतो. गावालगतच्या सरोवरावरची मालवाहू जहाजं बंदरात बांधून ठेवलेली असतात. शेजारचे लिंडक्विस्ट नवराबायको नोव्हेंबरमध्येच ऍरिझोनाला पळतात ते एप्रिलमध्ये उगवतात, समोरचं घर विकायला काढलेलं. अशा गल्लीत मार्लिस दिवे न लावता पेटीसमोर स्टूल घेऊन बसायची. पावणेपाचच्या सुमाराला खोपटाच्या तोंडाशी एक नाक यायचं. मग दोन डोळे. मग काहीच नाही, तसंच अर्धा अर्धा तास. तिला ते आवडायला लागलं. दर सोमवारी ती त्याला पिठाच्या काट्यावर ठेवून वजन करायची. या देशात सगळं पौंडात मोजतात, पण अजगर पाळणारे मात्र ग्रॅममध्येच बोलतात, आणि मार्लिसही आता त्यांच्यातलीच झाल्यासारखी "चौदाशे नव्वद" म्हणायची.

नोव्हेंबरमध्ये वॉफलने पुन्हा उंदराकडे पाठ केली. या वेळी तिने काहीही हलवलं नव्हतं.

"नर आहे तो," ट्रेंट म्हणाला. "थंडीत कधी कधी दोन-दोन, तीन-तीन महिने खात नाहीत. वजन उतरलं नाही तर काळजी नको. पण मी बुधवारी फोन करतो."

बुधवारी केला. शनिवारीही केला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी वॉफलचं डोकं खोपटाच्या तोंडाशी होतं, मान इंग्रजी एस अक्षरासारखी मुडपलेली. मार्लिसला आता ती खूण कळत होती. तिने उंदीर पुढे केला आणि झडप इतकी जोरात बसली की चिमटा हातातून सुटला. ती एकटीच खोलीत हसली. मग फोन वाजला.

"खाल्लं का?"

"नाही," मार्लिस म्हणाली.

का म्हणाली ते तिलाही सांगता आलं नसतं. म्हणजे आलं असतं, पण कोण विचारणार होतं? शब्द तोंडातून गेला आणि मागे घ्यायची वेळही गेली. "बरं, मी उद्या करतो," ट्रेंट म्हणाला, आणि त्याने केला.

अशी सहा आठवडे थाप चालली. मार्लिस हापाला, जिने आयुष्यात कधी शाळेतली एक पावाची लादी घरी नेली नव्हती, ती रोज संध्याकाळी पाचला मुलाशी धादांत खोटं बोलायची. नाताळला ट्रेंटला सुट्टी नव्हती. म्हणजे होती, पण दुप्पट पगारासाठी त्याने ती घेतली नाही, आणि ती "बरोबर केलंस" म्हणाली. नाताळच्या संध्याकाळी तिने बटाट्याची पातळ भाकरी आणि माशाचा एक तुकडा खाल्ला, वॉफलला उंदीर दिला, आणि फोनवर सांगितलं की त्याने तोंड लावलं नाही. वजन ती दर वेळी थोडं उतरवायची. चौदाशे सत्तर. चौदाशे पन्नास. मागचा आकडा विसरायला नको म्हणून फोनजवळच्या कॅलेंडरवर बारीक अक्षरात लिहून ठेवायची. खरा वॉफल पंधराशे वीसला पोचला होता आणि खोपटात नीट मावत नव्हता.

त्या खोट्याची तिला लाज वाटायची. पण पाच वाजले की लाज कुठे तरी जायची. फोन आता आठ मिनिटांचा राहिला नव्हता. "टॉर्च लावून बघ, तोंडात फेस आहे का?" "नाही." "श्वास घेताना आवाज?" "नाही." "उबेच्या बाजूचा थर्मामीटर किती दाखवतोय?" या प्रश्नांच्या मध्ये एखादी जागा राहायची, आणि त्या जागेत ट्रेंट एखादं भलतंच वाक्य टाकायचा. आज वारा इतका होता की गाडीचं दार उघडेना. माझ्या खोलीतला तो टेक्ससवाला सोडून गेला. तिथे मार्लिसचा कान टवकारायचा. पण तिने पुढे काही विचारलं की तो परत अजगरावर यायचा.

जानेवारीच्या शेवटी तो म्हणाला, "मॉम, शनिवारी रोंडा येईल. क्लोके गावची रोंडा बर्ग. माझी जुनी ओळख आहे, चाळीस अजगर आहेत तिच्याकडे. ती बघेल त्याला. गरज पडली तर घेऊन जाईल."

"घेऊन कुठे जाईल?"

"तिच्या घरी. दोन महिने खाल्लं नाही म्हणतेस ना? तिला यातलं कळतं."

"मलाही कळतं."

"मग काय झालंय त्याला, सांग."

हीच वेळ होती सांगायची. एक वाक्य, फार तर दोन. पण ते सांगितलं की फोन परत रविवारवर जाणार, आणि नाही सांगितलं तर वॉफल क्लोकेला जाणार, आणि वॉफल गेला की ट्रेंट आईला फोन करून विचारणार तरी काय? दोन्हीकडून तीच बुडत होती. "येऊ दे," ती म्हणाली.

शुक्रवारी दुपारी तिच्या डोक्यात जे आलं ते सांगायला मला बरं वाटत नाही, पण आलं. तिने पेटीचं झाकण सरकवलं आणि दोन्ही खोपटी उचलून बाहेर घेतली. एक दिवस उघड्यावर बसला की उद्या तो आजारी दिसेल. रोंडा म्हणेल, हो, बिघडलंय खरं, पण इतकंही नाही, इथेच राहू दे, रोज लक्ष ठेवा. रोज फोन करत जा. मार्लिसने हे सगळं रोंडाच्या आवाजातसुद्धा ऐकलं, जरी रोंडाला तिने कधी पाहिलं नव्हतं.

वॉफलने आधी मान वर करून इकडे तिकडे पाहिलं. मग हळूहळू, घाईच नसल्यासारखं, त्याने अंगाचे वेढे जवळ ओढले, डोकं आत घेतलं, आणि चेंडू झाला. एवढा मोठा, धष्टपुष्ट प्राणी, भर दुपारी, लपायला जागा नाही म्हणून स्वतःतच लपला. मार्लिस हातात ती दोन खोपटी घेऊन उभी राहिली. तिला स्वतःची इतकी किळस आली की रडूही येईना. "नाही रे," ती म्हणाली, "नाही, नाही," आणि खोपटी होती तशी जागच्या जागी ठेवली. वॉफल दहा मिनिटांनी सरकत आत गेला. तिने पेटीवर जाड टॉवेल टाकला, आर्विडचा, आणि उद्या काय होईल ते होईल म्हणून भांडी घासायला गेली.

शनिवारी तापमान उणे सव्वीस होतं. रोंडा बर्ग बरोबर दहाला आली, पन्नाशीची, आडव्या बांध्याची, नाक लाल झालेलं. दारातच बूट काढून मोज्यांवर आत आली. "बाप रे, कॉफी आहे ना?" हे तिचं पहिलं वाक्य. मार्लिसने कॉफी ठेवली आणि लिंबाच्या वड्या काढल्या. मग तिची नजर रोंडाच्या हातांकडे गेली. हात रिकामे होते. पाठीवर काही नाही. तिने खिडकीतून खाली गाडीकडे पाहिलं, गाडी बंद होती, इंजिन थंड पडत होतं.

अशा हवेत अजगर न्यायचा तर उशीची खोळ लागते, ती ठेवायला थर्माकोलचा डबा लागतो, डब्यात उबेची पुडी लागते आणि गाडी सुरू ठेवून आतून तापलेली लागते. हे चाळीस अजगरवालीला माहीत नसणार? मार्लिसलासुद्धा माहीत होतं.

"त्याला नेणार कशातून?" तिने विचारलं.

"कुणाला?"

"वॉफलला."

रोंडाने वडीचा तुकडा तोडला, तोंडात टाकला, आणि उठून पेटीपाशी गेली. टॉवेल बाजूला केला, खोपटाची कड दोन बोटांनी जेमतेम उचलली, आत पाहिलं, आणि कड परत अलगद टेकवली. "सॉरी राजा, झोप," ती म्हणाली. मग मार्लिसकडे वळली. "पंधराशेच्या वर असेल."

"पंधराशे वीस," मार्लिस म्हणाली. आणि मग मान खाली घातली.

"छान ठेवलाय तुम्ही. माझे काही याच्या निम्मेही देखणे नाहीत." रोंडा परत टेबलाशी येऊन बसली. "मार्लिस, मला कुणी अजगर न्यायला सांगितलेलं नाही. ट्रेंट म्हणाला, जाऊन मॉमबरोबर कॉफी पिऊन ये, ती कशी आहे बघ, आणि मी सांगितलंय असं सांगू नकोस. पण मला असली सोंगं जमत नाहीत. माझ्या तोंडावर सगळं दिसतं."

"त्याला माहीत होतं?"

"नाताळच्या आधीपासून. तुम्ही त्याला सांगितलंत म्हणे, आज वॉफलने घाण केली, पेटीतला कागद बदलला. महिनाभर पोटात काही नसलेला अजगर कागद घाण करेल कशाने? खाल्लं नाही आणि घाण केली, तुम्ही एकाच फोनवर दोन्ही सांगितलंत." रोंडा हसली, पण चिडवायला नाही. "आमच्यातल्या कुणीही हे पकडलं असतं. त्याने मला त्याच रात्री सांगितलं."

मार्लिसने जीभ चावली. आठवत होतं. कागद बदलल्याचं तिने अभिमानाने सांगितलं होतं. चेहरा कानापर्यंत तापला. "आणि तरी रोज वजन विचारत राहिला."

"ते तुम्ही त्यालाच विचारा. मला आणखी एक वडी द्या."

रोंडा दीड तास बसली. तिच्या चाळीस अजगरांची नावं सांगितली, तिच्या दोन नवऱ्यांची सांगितली, आणि जाताना पुन्हा येईन म्हणाली. येईलही, तशी होती ती. पण तिची गाडी टेकडी उतरून गेल्यावर घर आणखी रिकामं वाटलं. मार्लिसला सगळ्यात जास्त एकच गोष्ट टोचत होती. मुलाला कळलं होतं की आईचं काही तरी बिघडलंय, आणि तो स्वतः आला नाही. त्याने माहितगार माणूस पाठवला.

पाचला फोन वाजला. तिने दोनदा वाजू दिला.

"रोंडा येऊन गेली?"

"येऊन गेली. ट्रेंट, वॉफल ठणठणीत आहे. दर दोन आठवड्यांनी खातोय. मी तुझ्याशी खोटं बोलले." तिने एक श्वास घेतला. "मला इथे करमत नाही. फार वाईट चाललंय माझं."

पलीकडे कुठे तरी दार आपटलं, कुणाचे तरी बूट वाजत गेले.

"तुला माहीत होतं तर मला बोलला का नाहीस?" मार्लिस म्हणाली. "इतके आठवडे रोज वजन कशाला विचारलंस?"

"मग दुसरं काय विचारू?" त्याचा आवाज एकदम लहान झाला. "मला दुसरं काही सुचत नाही गं मॉम. तू आकडा सांगायचीस, तो खोटा आहे हे माहीत असून मी पुढचं विचारायचो. तेवढीच वीस मिनिटं बोलणं व्हायचं. इथे मी दिवसभर कुणाशी बोलत नाही. तो टेक्ससवाला गेल्यापासून खोलीतही कुणी नाही. शिफ्ट संपली की दार लावून पडतो."

मार्लिस स्टुलावर बसली. तिला वाटत होतं की आपण रोज संध्याकाळी मुलाचा वेळ चोरतोय, आणि तिकडे मुलगा दार लावून त्याच चोरीची वाट बघत होता. तिला काही तरी आईसारखं, शहाणपणाचं बोलायचं होतं. सुचलं नाही. हापाला घराण्यात ते कुणालाच कधी सुचलं नव्हतं, आर्विडला तर मरतानासुद्धा नाही.

"मग विचारू नकोस काही," ती शेवटी म्हणाली. "नुसता लाइनवर राहा. मी बटाटे सोलते."

"बरं."

तिने स्पीकर लावून फोन पातेल्याला टेकवून उभा केला आणि सुरी घेतली. पलीकडे मायक्रोवेव्हचं दार उघडल्याचा आवाज आला, मग लागल्याचा. सालं ओट्यावर पडत होती. मध्ये एकदा ट्रेंट खोकला, मध्ये एकदा तिने नाक पुसलं. खिडकीबाहेर पूर्ण अंधार झाला होता, तरी दिवा लावायला कुणी उठलं नाही. पाऊण तास दोघं तसेच राहिले, आणि मग ट्रेंट म्हणाला, "मॉम, आहेस ना?"

"आहे," मार्लिस म्हणाली, आणि आणखी एक बटाटा हातात घेतला.